अमेरिकन रमाबाई असोसिएशन

अमेरिकन रमाबाई असोसिएशन ही पंडिता रमाबाई यांच्या भारतातील निवासी स्त्रीशिक्षणकार्यास अर्थसाहाय्य करण्यासाठी अमेरिकेतील बॉस्टन येथे डिसेंबर १८८७ मध्ये स्थापन झालेली संस्था होती. निरनिराळ्या प्रॉटेस्टंट पंथांच्या चर्चमधील धर्मोपदेशक, शिक्षणतज्ज्ञ आणि मुख्यतः त्या चर्चशी निगडित स्त्रिया यांनी ती उभारली. तिच्या निधीतून १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन ही विधवांसाठीची निवासी शाळा सुरू झाली. ही शाळा पुढे पुण्यास आणि अखेरीस पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे गेली. केडगावच्या माळरानावर उभे राहिलेले मुक्ती सदन हा या कार्याचा सर्वांत मोठा विस्तार होय. परंतु त्याचा खर्च प्रामुख्याने अन्य मार्गांनी भागविला गेला.

असोसिएशनच्या मदतीला प्रारंभापासून दोन अटी जोडलेल्या होत्या. एक, शाळा कोणत्याही पंथाच्या प्रचाराचे साधन होणार नाही. आणि दोन, मदत दहा वर्षांसाठी असेल. शारदा सदनाच्या इतिहासातील बहुतेक महत्त्वाच्या घटनांचे मूळ या दोन अटींपैकी एकीत सापडते.

पार्श्वभूमी

परदेशातील चर्चच्या पैशावर महाराष्ट्रात मुलींच्या शाळा चालविणे ही गोष्ट १८८७ मध्ये नवी नव्हती. सिंथिया फरार ही अविवाहित अमेरिकन शिक्षिका १८२७ मध्येच मुंबईस आली होती. पुढे तिने अहमदनगर येथे दीर्घकाळ काम केले आणि सावित्रीबाई फुले यांच्या अध्यापन-प्रशिक्षणाशीही तिचे नाव जोडले जाते. अशा शाळा मिशन मंडळांच्या असत. पैसा मंडळाचा, शिक्षिका मंडळाने पाठविलेली, अभ्यासक्रमात बायबल अनिवार्य आणि अंतिम निर्णय समुद्रापलीकडच्या कार्यालयाचा, अशी ती सर्वसाधारण रचना होती. रमाबाईंना ही रचना मान्य नव्हती.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकविले आणि लक्ष्मीबाईंनी मुलीला. दुष्काळात रमाबाईंचे आईवडील आणि थोरली बहीण यांचा अन्नान्न होऊन मृत्यू झाला. भावाबरोबर पायी भारतभ्रमण करीत त्या १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचल्या. तेथे त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या मिळाल्या. बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह, कन्या मनोरमेचा जन्म आणि १८८२ मध्ये आलेले वैधव्य हे सारे पुढच्या चार वर्षांत घडले. त्याच वर्षी त्यांनी पुण्यात आर्य महिला समाज स्थापन केला आणि हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणाविषयी साक्ष दिली. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

धर्मांतर केले तरी त्यांनी अँग्लिकन चर्चच्या अधिकाऱ्यांपुढे मान तुकविली नाही. काय शिकवावे, कोणाला शिकवावे, कोणते सिद्धान्त मानावेत याविषयी वाँटेजच्या भगिनींशी आणि बिशपांशी त्यांचा झालेला पत्रव्यवहार प्रसिद्ध आहे. त्यातून दिसणारी स्त्री कोणाच्याही आज्ञेने शाळा चालवील, हे संभवनीय नव्हते. असोसिएशनच्या घटनेत त्यांना मिळालेले स्वातंत्र्य समजून घेण्यासाठी हा पूर्वइतिहास ध्यानात ठेवावा लागतो.

स्थापना

रमाबाई मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फिया येथे गेल्या त्या आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी. आनंदीबाई त्यांच्या दूरच्या नात्यातल्या होत्या. थोड्या मुक्कामासाठी गेलेल्या रमाबाई अमेरिकेत जवळजवळ पावणेतीन वर्षे राहिल्या. त्यांनी बालोद्यान शिक्षणपद्धतीचा अभ्यास केला, गावोगावी व्याख्याने दिली आणि १८८७ मध्ये 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' हे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. त्यास वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रमुख डॉ. रेचल बॉडले यांची प्रस्तावना होती. पुस्तकाच्या विक्रीतून शाळेसाठी पैसा उभा राहिला. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे, मदतीची मागणी करणारी व्यक्ती स्वतः विदुषी आहे आणि तिच्याजवळ आखलेली योजना आहे, हे अमेरिकी वाचकांना त्यातून कळले.

बॉस्टनमध्ये १८८७ च्या उन्हाळ्यापासून प्राथमिक बैठका होऊन डिसेंबरमध्ये असोसिएशनची रीतसर स्थापना झाली. एडवर्ड एव्हरेट हेल हे अध्यक्ष झाले. ते युनिटेरियन पंथाचे धर्मोपदेशक आणि प्रसिद्ध लेखक होते. त्यांच्यासोबत एपिस्कोपल पंथाचे फिलिप्स ब्रुक्स आणि काँग्रिगेशनल पंथाचे जॉर्ज ए. गॉर्डन होते. युनिटेरियन मंडळी ख्रिस्ताचे ईश्वरत्व मानीत नाहीत. इतर दोन्ही पंथ मानतात. एरवी एका व्यासपीठावर क्वचितच येणारी ही माणसे एकत्र आली, याचे श्रेय पांथिक तटस्थतेच्या अटीला द्यावे लागते. शाळेत कोणताच पंथ शिकवावयाचा नसल्यामुळे कोणाचा पंथ शिकवावा हा वाद उद्भवलाच नाही. मद्यपानबंदी चळवळीच्या नेत्या फ्रान्सिस विलार्ड आणि डॉ. बॉडले यांचाही संस्थेला पाठिंबा होता.

दैनंदिन कारभार कार्यकारी समिती पाहत असे आणि तिच्या प्रमुख ज्युडिथ अँड्र्यूज होत्या. व्यासपीठावर धर्मोपदेशकांची नावे आणि प्रत्यक्ष कामाला स्त्रिया, असे त्या काळच्या अनेक अमेरिकी संस्थांचे चित्र होते. ही संस्था त्याला अपवाद नव्हती.

कार्यपद्धती

निधी जमविण्याचे एकक म्हणजे 'रमाबाई सर्कल'. एखाद्या गावातील किंवा चर्चमधील स्त्रिया एकत्र येऊन सर्कल स्थापन करीत आणि दरवर्षी ठरावीक वर्गणी देण्याचे दहा वर्षांचे वचन देत. रमाबाईंनी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत प्रवास करून अशी सर्कल उभी केली. धनिकांच्या मोजक्या देणग्यांपेक्षा असंख्य लहान वर्गण्यांवर ही रचना उभी होती. बॉस्टनची समिती त्या एकत्र करून भारतात पाठवी. उलट दिशेने रमाबाईंची पत्रे, हिशेब आणि विद्यार्थिनींची हकीकत जात असे. वार्षिक सभेत ती वाचली जाई आणि छापील अहवालाच्या रूपाने सर्कलांना मिळे. या अहवालांमुळे शारदा सदनाच्या पहिल्या दशकाची माहिती समकालीन अन्य शाळांच्या तुलनेने पुष्कळ तपशिलात उपलब्ध आहे. देणगीदारांना उद्देशून लिहिलेला मजकूर म्हणून तो जपून वाचावा लागतो, हेही खरे.

भारतात शाळेची चालक रमाबाईच असतील, बॉस्टनहून कोणी मिशनरी अधीक्षिका येणार नाही, असे ठरले होते. तटस्थतेचा अर्थही रमाबाईंनी स्पष्ट केला होता. विद्यार्थिनींना आपापले धर्माचार व जातीचे नियम पाळण्याची मुभा राहील, धर्मशिक्षणाची सक्ती होणार नाही आणि ग्रंथालयात हिंदू धर्मग्रंथ व बायबल दोन्ही उपलब्ध असतील. मुंबई व पुणे येथील मान्यवर हिंदू सुधारकांची सल्लागार मंडळेही नेमण्यात आली. त्यांत न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा समावेश होता. विधवा मुलीला घराबाहेर शिकावयास पाठविणाऱ्या पालकांना ख्रिस्ती बाईच्या शब्दापेक्षा या नावांचा आधार अधिक वाटला असल्यास नवल नाही.

शारदा सदन

१८८८ च्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोहून निघून जपानमार्गे रमाबाई फेब्रुवारी १८८९ मध्ये मुंबईस परतल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी चौपाटीजवळ शारदा सदन उघडले. उद्घाटनाच्या सभेचे अध्यक्षस्थान लेखिका काशीबाई कानिटकर यांनी भूषविले. पहिल्या विधवा विद्यार्थिनी होत्या देवरूखच्या गोदूबाई. त्यांचे बंधू नरहरपंत जोशी हे धोंडो केशव कर्वे यांचे मित्र होते.

रमाबाईंनी याच वर्षी 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे मराठी पुस्तक प्रसिद्ध केले. अमेरिकेतील स्त्रिया संस्था कशा चालवितात, सभा कशा भरवितात, वर्गणी कशी गोळा करतात याचे त्यात सविस्तर वर्णन आहे. इंग्रजी पुस्तकातून अमेरिकनांना भारतातील विधवेची स्थिती सांगणाऱ्या रमाबाई येथे मराठी वाचकांना अमेरिकेची स्थिती सांगतात. असोसिएशनच्या इतिहासाचा विचार करताना या दोन पुस्तकांपैकी पहिलेच अधिक उद्धृत होते. वास्तविक दुसरे तितकेच आवश्यक आहे.

नोव्हेंबर १८९० मध्ये सदन पुण्यास हलले. मुंबईतील खर्च परवडणारा नव्हता आणि ज्या ब्राह्मण कुटुंबांतील विधवांसाठी शाळा होती त्यांची वस्तीही पुण्यात मोठी होती. मात्र विरोधाचे केंद्रही पुणेच होते.

१८९३ चा पेचप्रसंग

पहिली ठिणगी अमेरिकेतूनच पडली. सदनातील विधवांचा कल ख्रिस्ती धर्माकडे असल्याचा उल्लेख १८८९ च्या अखेरीस तेथील एका ख्रिस्ती साप्ताहिकात आला. देणगीदारांच्या देशात जो मजकूर उत्साहवर्धक ठरला असता तोच पुण्यात पुरावा म्हणून वाचला गेला. 'केसरी'ने त्यावर टीका केली आणि लोकमान्य टिळकांचा सदनाविरुद्धचा रोख पुढील काही वर्षे कायम राहिला. दोन ठिकाणच्या वाचकांसमोर एकाच वेळी उभे राहावे लागणे, ही परदेशी निधीवर चालणाऱ्या शाळेची अडचण येथे प्रथमच उघड झाली.

यानंतर रमाबाईंच्या स्वतःच्या श्रद्धेतही बदल झाला. १८९१ च्या सुमारास आपल्याला ख्रिस्ताचा खरा अनुभव आला, असे त्यांनी पुढे लिहिलेल्या आत्मकथनपर निवेदनात सांगितले आहे. त्या आपल्या खोलीत मनोरमेसह प्रार्थना करीत आणि दार उघडे ठेवीत. काही विद्यार्थिनी स्वेच्छेने तेथे येऊन बसू लागल्या. सक्ती नव्हती, हे रमाबाईंचे म्हणणे होते. वयाने लहान, आश्रित आणि रमाबाईंना आईच्या ठिकाणी मानणाऱ्या मुलींच्या बाबतीत उघडे दार हेच आमंत्रण ठरते, असे आक्षेपकांचे म्हणणे होते. तटस्थतेच्या अटीत सक्तीला मनाई होती. प्रभावाविषयी त्या अटीत काही नव्हते, आणि नेमक्या त्याच ठिकाणी मतभेद झाला.

ऑगस्ट १८९३ मध्ये रानडे, भांडारकर व त्यांचे सहकारी यांनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला. हे सनातनी पक्षाचे लोक नव्हते. सदनासाठी टीका सोसलेले होते. त्यामुळे त्यांच्या जाण्याचा आघात 'केसरी'च्या लेखांपेक्षा मोठा ठरला. वीस-पंचवीस मुलींना पालकांनी काढून नेले. बॉस्टनच्या समितीपुढे रमाबाईंना मर्यादा घालणे किंवा त्यांच्यावरील विश्वास कायम ठेवणे असे दोन मार्ग होते. तिने दुसरा पत्करला आणि मदत चालू राहिली. पुढील वर्षांत काही विद्यार्थिनींनी बाप्तिस्मा घेतला.

याच वर्षाची दुसरी घटना सहसा या वादाच्या सावलीत राहते. ११ मार्च १८९३ रोजी, म्हणजे सदनाच्या चौथ्या वर्धापनदिनी, गोदूबाईंचा कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. त्या पुढे आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे म्हणून ओळखल्या गेल्या. त्या हिंदूच राहिल्या.

अमेरिकेतील वाद

असोसिएशनच्या सर्कलांना अमेरिकेतही एका वादास तोंड द्यावे लागले. स्वामी विवेकानंद १८९३ च्या सर्वधर्मपरिषदेनंतर अमेरिकेत व्याख्याने देत होते. हिंदू विधवांच्या स्थितीचे अतिरंजित वर्णन तेथे केले जाते, अशा आशयाचे प्रतिपादन त्यांनी केल्यावर ब्रुकलिनच्या रमाबाई सर्कलने १८९५ मध्ये वृत्तपत्रांतून त्यास जाहीर आक्षेप घेतला. विवेकानंदांनी नंतर बंगालमधील शशिपद बंदोपाध्याय यांच्या विधवाश्रमाच्या साहाय्यार्थ ब्रुकलिनमध्ये व्याख्यान दिले. हिंदूंनी चालविलेली विधवांची संस्थाही अस्तित्वात आहे आणि ती मदतीस पात्र आहे, असे त्यातून सूचित झाले.

वादात दोन्ही बाजूंना काही तथ्य होते. बालविधवांचे हाल ही कल्पना नव्हती. केशवपन, एकभुक्त राहणे आणि घरातील राबणूक यांची साक्ष मराठीतील त्या काळच्या स्त्रियांनी स्वतः लिहून ठेवली आहे. परंतु वर्गणी मिळविण्यासाठी दुःखाचे जे चित्र पुन्हापुन्हा सांगावे लागते, तेच ऐकणाऱ्याच्या मनात संपूर्ण देशाचे चित्र होऊन बसते, हेही तितकेच खरे.

केडगाव

दहा वर्षांच्या मुदतीची अट वरकरणी कोरडी वाटते. प्रत्यक्षात मराठी मुलुखावर तिचा परिणाम सर्वाधिक टिकाऊ ठरला. १८९८ नंतर वर्गणी थांबू शकते, हे रमाबाईंना पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. शाळेला स्वतःचे उत्पन्न असावे या हेतूने त्यांनी १८९० च्या दशकाच्या मध्यास पुणे–दौंड लोहमार्गावरील केडगाव येथे सुमारे १०० एकर जमीन घेतली. विहिरी खणून फळझाडे लावावी आणि फळांच्या विक्रीतून सदन चालवावे, अशी मूळ कल्पना होती.

झाडे फळास येण्याआधी दुष्काळ आला. १८९६–९७ मध्ये मध्य प्रांतात उपासमार सुरू झाली. आपल्या आईवडिलांचा शेवट आठवून रमाबाई तेथे गेल्या आणि सुमारे ३०० मुली व स्त्रिया घेऊन आल्या. त्या वेळी पुण्यात प्लेगची साथ होती; इतक्या मुलींना शहरात ठेवणे अधिकाऱ्यांना मान्य नव्हते. तेव्हा फळबागेसाठी घेतलेल्या जमिनीवर तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. हेच मुक्ती सदन.

शारदा सदन उच्चवर्णीय विधवांसाठी होते आणि तेथे जातीचे नियम पाळले जात. केडगावला आलेल्या मुली नाना जातींच्या होत्या. पुष्कळशा विधवा नव्हत्या, नुसत्या भुकेल्या होत्या. उच्चवर्णीय विधवेच्या प्रश्नावर उभ्या असलेल्या संस्थेचा आवाका अशा रीतीने दुष्काळाने बदलला. या मुलींना पुस्तकी शिक्षणाबरोबर शेती, विणकाम, स्वयंपाक, दुग्धव्यवसाय, तेलघाणा आणि छपाई अशी कामे शिकविली जात. १९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर केडगावातील संख्या दोन हजारांच्या जवळ पोहोचली. अंध मुलींसाठी स्वतंत्र विभाग होता.

पुनर्रचना

१८९८ मध्ये मुदत संपताना रमाबाई पुन्हा अमेरिकेस गेल्या आणि मार्चमधील वार्षिक सभेत त्यांनी दहा वर्षांचा हिशेब सादर केला. जुनी संस्था विसर्जित करून त्याच नावाने नवी संस्था स्थापन करण्यात आली. तिला कालमर्यादा नव्हती. शारदा सदनाच्या खर्चाची जबाबदारी तिने चालू ठेवली.

मुक्ती सदन मात्र उघडपणे ख्रिस्ती संस्था होते. त्याचा खर्च निरनिराळ्या देशांतील श्रद्धावान ख्रिस्ती देणगीदारांकडून येई आणि त्यांच्याशी दहा वर्षांचा किंवा अन्य कोणताही करार नव्हता. तटस्थ शारदा सदन आणि ख्रिस्ती मुक्ती सदन ही दोन्ही कार्ये एकाच व्यक्तीच्या हाती, काही काळाने एकाच आवारात चालू राहिली. कागदोपत्री ही विभागणी स्पष्ट होती. त्या आवारात राहणाऱ्या मुलीला ती कितपत जाणवत असेल, हा प्रश्न उरतोच. १९०५ मध्ये केडगाव येथे झालेल्या धार्मिक पुनरुज्जीवनाने मुक्तीचे नाव जगभरच्या प्रॉटेस्टंट चर्चमध्ये पोहोचले. त्या प्रसिद्धीमुळे शारदा सदन आणि त्याचे बॉस्टनचे देणगीदार मागे पडले.

मनोरमाबाईंनी आईचा कारभार सांभाळला आणि निजामाच्या राज्यातील गुलबर्गा येथेही मुलींची शाळा काढली. त्यांचे २४ जुलै १९२१ रोजी निधन झाले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचेही केडगाव येथे निधन झाले. त्यानंतर संस्था रमाबाई मुक्ती मिशन या नावाने चालू राहिली. दौंड तालुक्यातील केडगाव येथे ती आजही स्त्रिया व मुलांसाठी काम करते.

अन्य संस्थांवरील परिणाम

शारदा सदनाच्या अनुभवाचा थेट वारसा कर्वे यांच्या संस्थांकडे गेला. १८९६ मध्ये कर्वे यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम स्थापन केला आणि तो लवकरच हिंगणे येथे नेला. विधवांना निवासी शिक्षण देण्याची कल्पना तीच होती. निधीची व्यवस्था वेगळी होती. १८९३ च्या घटनेनंतर परकी आणि परधर्मीय पैशावर पुणेकर पालकांचा विश्वास बसणे कठीण होते. त्यामुळे आश्रमासाठी घरोघर हिंडून रुपया-दोन रुपये गोळा करण्यात आले आणि त्या कामात शारदा सदनात शिकलेल्या आनंदीबाई कर्वे यांचाही वाटा होता.

तथापि पैशाच्या शोधात हिंगण्याच्या लोकांनाही समुद्र ओलांडावा लागला. आनंदीबाईंच्या भगिनी पार्वतीबाई आठवले १९१८ मध्ये अमेरिकेस गेल्या. इंग्रजी अपुरे असताना, घरकाम करून पोट भरीत त्यांनी तेथे संस्थेसाठी निधी मिळविण्याचा प्रयत्न केला. त्याची हकीकत 'माझी कहाणी' या त्यांच्या आत्मचरित्रात आहे. स्वतः कर्वे १९३० नंतर आफ्रिकेत गेले. वयाची सत्तरी ओलांडलेल्या कर्वे यांनी मोंबासा, झांजिबार आणि दक्षिण आफ्रिकेतील शहरांत स्थायिक झालेल्या भारतीयांपुढे व्याख्याने देऊन महिला विद्यापीठासाठी वर्गणी जमविली.